शब्द क्रमांक एकोणीस

शुक्रवार, दुपार

आदरणीय पेनिसिमानी दादांना,

धाकटा भाऊ कितिओने याचा ऑकलंडपर्यंत पोहोचेल एवढा मोठा नमस्कार. तुमचा गुडघा आता कसा आहे? वहिनींची साखर, नातवंडांचा खोकला आणि तुमच्या घरमालकाचा स्वभाव, या तिन्हींत सुधारणा व्हावी म्हणून मी रोज सकाळच्या प्रार्थनेत नावं घेऊन मागणं मागतो. (घरमालकाचं नाव मला ठाऊक नाही, म्हणून ‘तो मनुष्य’ एवढंच म्हणतो. देवाला कळत असावं.) इकडे आमचं बरं चाललंय. कोनफळं चांगली पोसली, डुकरीण व्याली, सात पिल्लं आहेत. लाविनिया थोरल्या दिरांची आठवण काढते.

काल सकाळी साडेनऊच्या सुमारास मी चर्चच्या हॉलच्या खिडकीतून बाहेर उडी मारली. कमरेला नेसलेल्या मानाच्या चटईसकट, चष्म्यासकट आणि हातातल्या कागदांसकट. खाली महिला मंडळाने लावलेला मिरच्यांचा वाफा होता, तो आता नाही. बातमी तुम्हाला माझ्याआधी कोणीतरी फोनवर दिलीच असेल, आणि स्तुती करूनच दिली असेल, कारण गावात या उडीचं फार कौतुक चाललंय. पाळकांनी तर संध्याकाळच्या प्रार्थनेत तिचा उल्लेख केला. बहीण आत येताना दिसली आणि पुढचा शब्द तिच्यासमोर उच्चारण्याजोगा नव्हता, म्हणून पन्नाशीला टेकलेला, शंभर किलो वजनाचा माणूस खिडकीतून गेला. दाराकडे जाऊन तिची वाट अडवली नाही. तरुणांनी यातून शिकावं. दादा, मी मान खाली घालून ऐकत होतो, आणि लोकांना तो माझा विनय वाटला. खरं सांगायचं तर त्या उडीत मानाचा अंशही नव्हता. मी भिऊन पळालो. पण कशाला भ्यालो हे सांगायचं तर पुस्तिकेपासून सुरुवात करावी लागेल. तुम्हाला वेळ आहे ना? गुडघा वर घेऊन बसा.

दोन महिन्यांपूर्वी राजधानीतून कालोलाइने नावाची एक मुलगी दवाखान्यात आली. मुलगी म्हणजे तिशीची असेल, पण मला आता सगळ्या मुलीच वाटतात. ती मनाच्या आजारांचं शिकून आली आहे. तिच्याकडे चोवीस शब्दांची यादी होती. तिकडचे डॉक्टर रोज वापरतात असे शब्द. त्यांचे अर्थ आपल्या भाषेत, आपल्या लोकांना कळतील असे लिहून द्यायचे, म्हणजे छोटी पुस्तिका छापून बेटाबेटांवरच्या नर्सना वाटता येईल. काम चांगलं होतं. अडचण एवढीच, की पोरगी हुशार असली तरी अर्थ सांगायला लागली की वाक्य चार ओळींचं व्हायचं, आणि चौथ्या ओळीपर्यंत पहिली कोणाच्या लक्षात राहायची नाही. मग पाळकांनी माझं नाव सुचवलं. मी गावच्या शाळेपलीकडे शिकलेलो नाही हे सगळ्यांना माहीत आहे, पण रविवारच्या उपदेशात कुठलीही अवघड गोष्ट डुकराचा दाखला देऊन समजावतो अशी माझी ख्याती आहे. ठरलं असं : दर गुरुवारी हॉलमध्ये जमायचं, एका शब्दाला एका वाक्याचा अर्थ, खाली गावातलं एक उदाहरण, आणि सगळ्यांनी मान डोलावल्याशिवाय पुढे जायचं नाही.

तुम्ही इथे असता तर हसून मेला असता. पहिल्याच गुरुवारी लक्षात आलं की चाळीस माणसं जमली तर त्यांत निदान बारा भावा-बहिणींच्या जोड्या असतात. चुलत, आते, मामे, मावस, सगळे भाऊ-बहीणच, आणि एकमेकांदेखत प्रेम, शरीर, लग्न यांबद्दल चकार शब्द काढायचा नाही. यादीत तर असले सात शब्द! शेवटी त्या सात शब्दांपुरत्या बायका बाहेर नीरफणसाच्या झाडाखाली बसायच्या, पुरुष आत, आणि नर्सबाई चिठ्ठी घेऊन दारातून ये-जा करायच्या. आमचा अर्थ बाहेर जायचा, बायकांची दुरुस्ती आत यायची. दुरुस्ती दरवेळी सरस असायची आणि आम्ही दरवेळी ती आमचीच म्हणून लिहून घ्यायचो.

पहिला शब्द ‘चिंता’. आम्ही लिहिलं : जहाज उद्या येणार हे ठाऊक असून आजच धक्क्यावर जाऊन बसणं. एक मावशी म्हणाली, पुढे घाला, आणि ते आल्याबरोबर परत कधी जाणार हे विचारणं. घातलं. ‘नाकारणं’ या शब्दाला उदाहरण फोनुआ आजोबांचं सुचलं. वय एक्याऐंशी, तोफ उडाली तरी ऐकू येत नाही, आणि म्हणतात की हल्ली लोकच हळू बोलायला लागलेत. ठराव एकमताने मंजूर झाला. आजोबांनीही हात वर केला, कारण ठराव काय आहे ते त्यांना ऐकू आलं नव्हतं. ‘आरोपण’ म्हणजे आपल्या मनातलं दुसऱ्याच्या गळ्यात घालणं. तिथे लाविनिया सगळ्यांदेखत उठून म्हणाली, “आमच्या घरी रोज अकरा वाजता हे विचारतात, तुला भूक लागली असेल ना ग?” लिहून घेतलं. नाव घातलं नाही, पण गावात कोणाला विचारायची गरज पडली नाही.

अकरावा शब्द ‘टाळणं’. कालोलाइने म्हणाली, एखाद्या घरासमोरून जावं लागू नये म्हणून माणूस रोज लांबचा रस्ता धरतो, असं काहीतरी. पुरुषांच्या बाजूला लगेच कुजबुज सुरू झाली. कोणीतरी म्हणालं, “पोरी, बहिणीच्या घरावरून उगाच फेऱ्या न मारणं याला आमच्यात वळण म्हणतात. औषध कशाला?” सगळे हसले. ती हसली नाही. मला म्हणाली, “काका, मग मान कुठे संपतो आणि टाळणं कुठे सुरू होतं, तेवढं एक तुम्हीच लिहून द्या.” दादा, त्या हॉलमध्ये सगळ्यांत मोठ्याने मी हसलो. आणि कागदावर काही लिहिलं नाही.

कारण गेले आठ महिने मी ताईच्या घरासमोरून गेलेलो नाही. किनाऱ्याने जातो.

आपली मेलेआने ताई कशी आहे हे तुम्ही दर पत्रात विचारता, आणि मी दर उत्तरात ‘देवाच्या कृपेने हळूहळू’ असं लिहितो. हळूहळूसुद्धा नाही, दादा. लिसियाते गेल्यापासून कालपर्यंत ती घराबाहेर पडलेली नव्हती. चर्चलाही नाही. भावोजी जाऊन सहा वर्षं झाली, आता मुलगाही नाही. बावीस वर्षांचा मुलगा. लाविनिया रोज डबा घेऊन जाते, आणि रोज ताई तिला तेच विचारते. “कोणीतरी पाहिलं असेल ना ग त्याला त्या सकाळी? मी मळ्यात होते. काय घातलं होतं त्याने? काही खाऊन गेला का उपाशीच गेला?” लाविनिया घरोघर विचारून आली. कोणी पाहिलं नव्हतं. संध्याकाळी पानावर बसलो की ती मला सांगते, “आजही तेच विचारत होती हो,” आणि मी घास चावतो.

मी पाहिलं होतं, दादा.

बहिणीच्या मुलाचा आपल्यावर केवढा हक्क, ते तुम्हाला काय सांगू. तुमच्याही वस्तू त्याने नेल्याच असत्या, पण तुम्ही ऑकलंडला वेळेवर गेलात. लिसियाते लहानपणापासून यायचा आणि “मामा, हे माझं” म्हणून उचलून न्यायचा. डुक्कर नेलं, कुदळ नेली, माझा वाचायचा चष्मासुद्धा नेला. (त्याचे डोळे घारीसारखे होते. तो चष्मा त्याने मुलींना दाखवण्यापुरता लावला आणि मग त्यावरच बसला.) भाच्याला नाही म्हणायचं नसतं, आणि खरं सांगायचं तर म्हणावंसंही वाटायचं नाही, इतका तो गोड होता. पण त्या आठवड्यात त्याने माझा रेडिओ नेला होता. संध्याकाळची प्रार्थना मी त्यावर ऐकतो. पाच संध्याकाळी मी त्या रिकाम्या फळीकडे बघत बसलो होतो.

मंगळवार होता. मी ओट्यावर चहा घेत होतो. तो आला आणि म्हणाला, “मामा, बोट नेतो.” बोटीचं इंजिन, तुम्ही पाठवलेलं ते, दोन आठवडे त्रास देत होतं. अर्ध्या तासाने तापायचं, बंद पडायचं, आणि मग काही केल्या लागायचं नाही. हे मला पक्कं ठाऊक होतं. त्याला ठाऊक नव्हतं. ‘नेऊ नकोस’ म्हणता येत नाही, मान्य. पण ‘इंजिन नादुरुस्त आहे’ एवढं म्हणायला कुठल्या रिवाजाने अडवलं होतं? मी म्हणालो, “ने.” आणि मनात म्हणालो, जा, पडू दे बंद, तासभर वल्हं मारशील, हाताला फोड येतील, म्हणजे पुढच्या वेळी विचारून नेशील. दादा, मला थोडं हसूही आलं. त्याला वाटलं मी त्याच्याकडे बघून हसलो. त्याने हात हलवला.

दुपारी वारा फिरला. पुढचं तुम्हाला माहीत आहे. बोट खडकांवर सापडली, आणि तो तिसऱ्या दिवशी.

मर्तिकात मी आईकडचा मामा, म्हणजे सगळ्यांत खालचा. फाटकी मोठी चटई गुंडाळून चार दिवस मागच्या भट्टीवर उभा होतो. बारा डुकरं भाजली. आत जायचं नाही, प्रेताजवळ जायचं नाही, आपल्या बापजाद्यांपासूनची रीत. लोक म्हणत होते, कितिओने किती राबतोय बघा, धुराने डोळे लाल झालेत. मी आयुष्यात कुठली रीत इतक्या आनंदाने पाळली नसेल. ताईच्या तोंडाकडे बघावं लागलं नाही.

तर कालची गोष्ट. काल शब्द क्रमांक एकोणीसवर आलो. कालोलाइनेने नेहमीप्रमाणे चार ओळी सांगितल्या. त्यांचा सारांश असा : मनातला राग बोलून न दाखवता गप्प राहून काढणं. समोरच्याला हो म्हणायचं आणि त्याचं बिघडेल याची व्यवस्था होऊ द्यायची. हॉलमध्ये खसखस पिकली. ही विद्या सगळ्यांनाच येत होती! एक म्हणाला, माझी सासू ‘जावयाचा मान’ म्हणत मला मासा वाढते, डोक्याकडचा, काट्यांचा. दुसरा म्हणाला, बायकोने छप्पर शाकारायला सांगितलं, मी तिच्या बिछान्यावरचं तेवढं तसंच सोडलं. हसून हसून डोळ्यांत पाणी. मी बसून होतो. मला वाटलं, म्हणजे याला नाव आहे. कुठेतरी लांब, कोण कुठली माणसं पुस्तकं घेऊन बसली आणि त्यांनी माझ्या त्या मंगळवारच्या हसण्याला नाव दिलं, यादीत घातलं, नंबर दिला.

कालोलाइने म्हणाली, “काका, आज तुमचं डुक्कर कुठे गेलं? द्या की एखादं उदाहरण.” मी उभा राहिलो. डुकराचंच द्यायचं होतं, देवाशपथ. पण तोंडातून निघालं, “समजा, एक मामा आहे. त्याचा भाचा येऊन त्याची बोट मागतो.” हॉल अजून हसतच होता. आणि दारात सावली पडली म्हणून मी वर बघितलं, तर मेलेआने ताई. काळे कपडे, हात दाराच्या चौकटीवर, आणि इतकी वाळलेली की कपड्यांत कोणी आहे की नाही असं वाटावं. कालोलाइने तीन दिवस तिच्याकडे जाऊन बसत होती, तिच्या शब्दावर ताई आली होती. हे मला कोणी सांगितलं नव्हतं.

तेव्हा मी खिडकीतून गेलो. यादीतला विसावा शब्द भावा-बहिणींनी एकत्र ऐकू नये असाच होता, त्यामुळे सगळ्यांचा समज आपोआप झाला.

पण खिडकी उघडीच होती आणि मिरच्यांच्या वाफ्यात मला सगळं ऐकू येत होतं. ती म्हणाली, मी बसायला आले नाही, एकच विचारायला आले. माझ्या लिसियातेला त्या सकाळी कोणी पाहिलं का? मग फोनुआ आजोबांचा आवाज, “काय म्हणतेय? मोठ्याने बोला की जरा!” आणि कोणीतरी त्यांच्या कानाशी ओरडलं, “ती विचारतेय, लिसियातेला त्या दिवशी कोणी पाहिलं का!” असा तो प्रश्न दुसऱ्यांदा, गावभर ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने झाला. आजोबा म्हणाले, “नाही ग पोरी, मी झोपलो होतो.” थोड्या वेळाने तिची पावलं पायऱ्यांवरून उतरताना ऐकली. ती भिंतीच्या कोपऱ्यापलीकडून गेली. मी मान वर केली नाही.

घरी लाविनियाने माझ्या कोपराला तेल लावलं. मग म्हणाली, “आठ महिन्यांनी ती दाराबाहेर आली, आणि तुम्ही खिडकीबाहेर गेलात. असलं वळण मी नाही बाई कुठे पाहिलं.” तिला काही माहीत नाही, पण तेल लावणाऱ्या हाताला कळतं की काय कोण जाणे.

असो. मी पळाल्यावर बाकीच्यांनी शेवटचे पाच शब्द कालच उरकले, तेव्हा सोबत तेवीस शब्दांचे अर्थ पाठवतो आहे. तुमची थोरली तिकडे शाळेत शिकवते, तिला एकदा नजर घालायला सांगा. पुस्तिका बुधवारी छापायला जाणार आहे. क्रमांक एकोणीसची जागा कोरी ठेवली आहे. वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद. देव तुमचं रक्षण करो आणि माझ्याकडेही बघो.

तुमचा धाकटा,
कितिओने

ता.क. शनिवार. पत्र अजून माझ्याकडेच आहे, जहाज आलं नाही. वर तेवीस अर्थ तपासायला पाठवतो असं लिहिलं, ते खरं असलं तरी पत्र त्यासाठी लिहिलेलं नाही. दादा, तुम्ही थोरले आहात आणि लांब आहात. तुम्ही ताईला फोन करा आणि तिला सांगा. मी लिहिलंय तसं, इंजिनापासून हसण्यापर्यंत. तुमच्या तोंडून तिला सोसवेल. आणि आणखी एक. मार्च महिन्यात तुम्ही विचारलं होतं तेव्हा इंजिन उत्तम चालतंय असं मी लिहिलं होतं. ते खोटं होतं. तुम्ही हौसेने पाठवलेली वस्तू बिघडली हे लिहायला जीव होईना. तुम्हाला आता वाटेल की आपण पाठवलेल्या इंजिनाने भाचा गेला, तर तसं मनात आणू नका. इंजिन बिचारं काही बोलू शकत नव्हतं. मी बोलू शकत होतो. फोन कराल ना? संध्याकाळी पाचनंतर ती जागी असते.

ता.क. दुसरा. सोमवार. फोन करू नका.

काल सकाळी चर्चमध्ये उपदेश माझा होता. कशावर बोललो ते आठवत नाही, लोक म्हणाले चांगला झाला. दुपारी जेवण झाल्यावर लाविनिया डबा भरत होती. तो तिच्या हातातून घेतला आणि म्हणालो, आज मी नेतो. ताईच्या घरी आत जाणं शोभत नाही, म्हणून पायरीच्या खाली जमिनीवर बसलो आणि हाक मारली. ती दाराच्या आत येऊन बसली. आपण बहीण-भाऊ बसतो तसेच, एकमेकांकडे न बघता. मी समोरच्या कुंपणाला सांगितलं. आधी सांगितलं की मी पाहिलं होतं. मग इंजिन. मग ‘ने’ म्हणालो ते, आणि का म्हणालो ते. रेडिओचं सांगितलं. हसलो हेही सांगितलं. ते सांगितलं नसतं तर बाकीचं न सांगितल्यासारखंच होतं.

ती म्हणाली, “तुला माहीत होतं.”

मी म्हणालो, “हो ताई.”

ती उठून आत गेली. भांडं पडल्याचा आवाज आला. उन्हं माझ्या पाठीवरून मानेवर आली. उठून जावं की बसावं ते कळेना, आणि चोवीस शब्दांत त्याबद्दल काही लिहिलेलं नाही. मी बसलो. मनात प्रार्थना म्हणायला गेलो तर पहिल्या ओळीपुढे जाता येईना, तीच ओळ म्हणत राहिलो.

केव्हातरी ती परत येऊन दारात बसली. म्हणाली, “काय घातलं होतं त्याने?”

“पिवळा बनियन. उलटा घातला होता, शिवण बाहेर.”

“उलटाच घालायचा मेला,” ती म्हणाली. “किती वेळा सांगितलं. खाल्लं होतं?”

“माझ्या ताटलीतला अळूचा कंद उचलला. उभ्याउभ्या खाल्ला. मीठ नाही म्हणाला.”

“आणि?”

“आणि शीळ घालत गेला. धक्क्यावर फोनुआ आजोबांचा कुत्रा झोपला होता, त्याला ओलांडून गेला. पाय लागू दिला नाही.”

तिने काळ्या कपड्याचं टोक तोंडावर घेतलं. मग माझंही धरण फुटलं, दादा. आठ महिन्यांत पहिल्यांदा, आणि धूर नसताना. पलीकडच्या घरातली माणसं बाहेर येऊन बघून आत गेली. रडून झाल्यावर तिने मला सगळं पुन्हा सांगायला लावलं. आणखी दोनदा. तिसऱ्या वेळी मी कुत्र्याचं विसरलो तर तिने आठवण केली.

तुम्ही विचाराल, तिने क्षमा केली का. नाही. उठताना तिनेच म्हटलं, “मी तुला माफ केलं असं समजू नकोस. मला ते येत नाही अजून. पण त्याला शेवटचं पाहणारा तूच आहेस. उद्या ये आणि सांग.”

लाविनियाला रात्रीच्या जेवणाआधी सगळं सांगितलं. ती आज माझ्याशी बोलत नाही, डबा मात्र दोघांचा भरून ठेवला होता. एकोणीसचा अर्थ लिहून कालोलाइनेला दिला आणि उदाहरणात माझं नाव घातलं. तिने विचारलं, “काका, नक्की?” मी म्हटलं, ताईला सांगून झालंय, आता घाल.

आज सकाळी पुन्हा गेलो. ती माझ्याआधीच दारात येऊन बसली होती. मी खाली बसलो आणि पहिल्यापासून सांगितलं.